परत मागवलेल्या प्रेशर कुकरबाबत खुलासा

सदोष प्रेशर कुकर कंपनीने परत मागवला, तरी वॉरंटी संपलेल्या किंवा पावती हरवलेल्या ग्राहकाला काहीच मिळत नाही, आणि नवी रबरी रिंग बसवली की तो बिनधोक वापरता येतो, असा संदेश फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची असून दुसरे अधिक घातक आहे.

कुकरमधील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १ बारने जास्त असताना पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण धरून ठेवणाऱ्या भागात दोष असल्याने ते दाब उतरण्याआधीच उघडले, तर त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होऊन उकळते अन्न अंगावर उसळते. रिंग वाफ अडवते. झाकण जागेवर धरून ठेवणे हे तिचे कामच नव्हे.

वॉरंटीला मुदत असते, पण सुरक्षिततेच्या दोषामुळे वस्तू परत मागवली जाते तेव्हा ती मुदत संपली म्हणून ग्राहकाचा मार्ग बंद होत नाही. कुकरची ओळख सहसा त्यावरील मॉडेल व बॅच क्रमांकावरून पटवतात, त्यामुळे बहुतेक वेळा पावती लागत नाही. दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत यांपैकी काय मिळेल, हे कंपनीच्या सूचनेत दिलेले असते. तोवर कुकर वापरू नये, आणि कृपया दुसऱ्या कोणाला देऊही नये.