अस्तर निळं हवं

भाच्याने पत्ता पाठवला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पत्त्यात लिहिलं होतं, ‘शिंप्याचं दुकान. पाटी नाही. आत जाऊन हळूच म्हणायचं, अस्तर निळं हवं.’

मी लगेच फोन लावला. “अरे, हा बारचा पत्ता आहे की अपहरणकर्त्यांचा?”

“स्पीकइझी आहे मामा. लपलेला बार. तुझ्या वाढदिवसाची पार्टी!”

“न लपलेल्या बारमध्ये काय वाईट होतं?”

“तिथे कोणीही जातं.”

मी जन्मापासून ‘कोणीही’ याच वर्गात मोडतो, त्यामुळे हे जरा लागलं. पण भाचा स्वतःच्या पगारातून मामाला पाजतोय हा योग काही रोज येत नाही. ही म्हणाली, “मीही येते. तुम्हाला चुकीच्या ठिकाणी जायला सोबत लागते.”

रात्री साडेनऊला त्या गल्लीत शिरलो. एका दुकानात पिवळा दिवा जळत होता. पाटी अंधारात होती, म्हणजे माझ्या हिशेबी नव्हती. काचेआड बिनडोक्याचा पुतळा कोट घालून उभा. आत एक वयस्कर गृहस्थ गळ्यात टेप अडकवून काजं करत बसलेले. बोटात अंगुस्तान, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, सदऱ्यावर खडूची भुकटी. मी भारावलोच. याला म्हणतात बारकावा! नुसतं पेय विकायला माणसं केवढं नेपथ्य उभं करतात!

मी काउंटरवर वाकलो, मागे-पुढे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणालो, “अस्तर निळं हवं.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कोटाला की जाकिटाला?”

पुढचे प्रश्न भाच्याने फोडले नव्हते. “कोटाला,” मी ठोकून दिलं.

“सिंगल की डबल?”

इथे माझी खात्रीच पटली. “सिंगल,” मी म्हणालो. सुरुवात जपून केलेली बरी.

मग ते उठले आणि माझी मापं घेऊ लागले. छाती, खांदा, बाही. हे जरा जास्त होतंय असं वाटत होतं, पण एवढ्या तन्मय नटाचा रसभंग कोण करणार? कंबरेशी टेप आली तशी मी सवयीने श्वास आत घेतला. “सोडा,” ते म्हणाले. “कोट घातल्यावर किती वेळ धराल?” आणि वहीत आकडा लिहिताना त्यांनी तो मोठ्याने उच्चारला. ही भिंतीकडे तोंड करून हसत होती. मी प्रवेशशुल्क समजून आगाऊ रक्कम दिली, त्यांनी पावती फाडली. ‘ट्रायल गुरुवारी.’ मी डोळा मिचकावला. त्यांनी मिचकावला नाही.

तेवढ्यात दारातून भाचा ओरडला, “मामा! अरे, शेजारचं दुकान!”

शेजारचं दुकान खोटं आहे हे लांबूनच कळत होतं. शिलाई मशीन चकचकीत, त्यात दोरा नाही, कात्री भिंतीवर चौकटीत मढवलेली. मी पुन्हा परवलीचं वाक्य म्हटलं. वेस्टकोट घातलेल्या मुलीने काही न विचारता कोटांची रांग बाजूला सारली आणि मागची भिंत आत सरकली. टेप नाही, पावती नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दुकानाची सर नव्हती.

आत अंधार, म्हणजे मालकाच्या भाषेत वातावरण. खुर्ची हाताने चाचपून मी बसलो तेव्हा तिच्यावर आधीच कोणी नाही याची दोनदा खात्री केली. मेनू आला. चष्मा लावून, मेनू मेणबत्तीला भिडवून, एका कोपऱ्याला किंचित काळं करून मी पहिली ओळ वाचली. तिथे पेयाचं नाव नव्हतं, नियम होता : आवाज चढवू नये, टोपी काढून ठेवावी. मी कानटोपी काढली.

भाच्याने तोवर इतिहास सुरू केला होता. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली, ती ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मधली जवळजवळ चौदा वर्षं लोक चोरट्या गुत्त्यांत जायचे, तिथे हळू बोलावं लागायचं, म्हणून स्पीकइझी. हा शब्द दारूबंदीहून जुना आहे म्हणे. त्याहून मला आवडला तो ‘ब्लाइंड पिग’, म्हणजे आंधळं डुक्कर. काही ठिकाणी दुकानदार एखादा विचित्र प्राणी दाखवण्याचे पैसे घ्यायचा आणि पाहणाऱ्याला पेला फुकट द्यायचा. दारू विकली कुठे? प्राणी दाखवला. कायद्यातही बंदी होती ती करण्यावर, विकण्यावर, नेण्यावर; पिणं हा गुन्हाच नव्हता.

“मग आता कशाला लपायचं?” मी विचारलं. “आता तर परवाना समोर भिंतीवर टांगलाय.”

“ही १९९९ नंतरची लाट आहे,” भाचा म्हणाला. त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ‘मिल्क अँड हनी’ नावाचा छोटा बार उघडला. बाहेर पाटी नाही, आधी फोन केल्याशिवाय प्रवेश नाही, गोंगाट चालणार नाही आणि पुरुषांनी टोप्या काढायच्या. माझ्या कानटोपीचं मूळ असं थेट न्यूयॉर्कपर्यंत पोचत होतं. पुढे २००७ मध्ये त्याच शहरात ‘पीडीटी’ निघाला, म्हणजे ‘प्लीज डोन्ट टेल’. एका हॉटडॉगच्या दुकानात टेलिफोनचं खोपटं आहे, त्यातून आत शिरायचं. ‘कृपया कोणाला सांगू नका’ असं नाव ठेवलं की बातमी किती वेगाने पसरते, ते आमच्या हिला विचारा. तिच्या भिशीची सगळी व्यवस्था याच तत्त्वावर चालते.

बार्टेंडर मात्र मला आवडला. ज्यात लिंबाचा रस, ते शेकरमध्ये खळखळवायचं; ज्यात नुसती मद्यं, ते लांब चमच्याने शांतपणे ढवळायचं, एवढा एकच नियम त्याने सांगितला आणि कामाला लागला. हिने अंड्याचा पांढरा भाग घातलेलं काहीतरी मागवलं. फेस यावा म्हणून त्याने ते आधी बर्फाशिवाय हलवलं, मग बर्फ घालून पुन्हा. ही टक लावून बघत होती. “मनगट छान आहे हो मुलाचं,” ती म्हणाली. माझ्या मनगटाबद्दल लग्नानंतर असं काही ऐकल्याचं आठवत नाही.

माझा ओल्ड फॅशन्ड, म्हणजे व्हिस्कीचं एक जुनं कॉकटेल, आला. त्याने संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासवर धरून चिमटला, बारीक तेलाचा फवारा उडाला, आणि अख्खं संत्रं न सोलता त्याचा वास नाकाशी आला. ग्लासात बर्फाचा एकच चौकोनी ठोकळा होता, काचेइतका पारदर्शक. साध्या ट्रेमध्ये पाणी सगळीकडून गोठतं, हवा मधे कोंडते आणि बर्फ पांढुरका होतो. हे लोक पाणी फक्त वरून गोठू देतात. हवेचे बुडबुडे खाली ढकलले जातात, तो गढूळ तळ कापून टाकतात. सगळं खरं, पण अंधारात पारदर्शक बर्फ दिसत नाही. पहिल्या घोटाला तो घसरत आला आणि माझ्या नाकावर आपटला.

दुसऱ्या ग्लासानंतर निसर्गाने हाक मारली. वेटरला विचारलं. तो कुजबुजला, “पुस्तकांच्या कपाटातून.”

म्हणजे तेही लपवलेलं!

कपाट भिंतभर. त्यातलं कुठलं तरी एक पुस्तक ओढलं की दार उघडत असणार. मी डावीकडून सुरुवात केली. पहिलं हातात आलं. दुसऱ्याचा नुसता कणाच होता, तोही हातात आला. तिसरं खरंच पुस्तक निघालं, कोंबड्यांच्या रोगांवरचं. पाय एकमेकांवर दाबत मी दुसऱ्या फळीवर उतरलो. भाच्याने मघाशीच न्यूयॉर्कच्या ‘ट्वेंटी-वन क्लब’ची गोष्ट रंगवून सांगितली होती. त्यांच्या तळघराचं दार अडीच टनांचं, दिसायला साधी भिंत. एका ठरावीक फटीत तार खुपसली तरच उघडायचं. १९३२ च्या छाप्यात अधिकाऱ्यांनी इमारत पिंजून काढली, पण दार काही सापडलं नाही. ऐकताना मी क्लबवाल्यांच्या चातुर्यावर खूश झालो होतो. कपाटापुढे मी पक्ष बदलला. बिचारे अधिकारी! त्यांना निदान घाईची लागलेली नव्हती एवढंच.

चौदाव्या पुस्तकाला हात घातला तेव्हा मागून आवाज आला, “अहो, ओढताय काय? ढकला.” हिने कोपराने कपाट ढकललं. दार उघडलं. ती तोवर दोनदा जाऊन आली होती.

आत नळही सापडत नव्हता. पण तोवर मला घाई नव्हती.

मध्यरात्री बाहेर पडलो. शेजारचे शिंपीकाका शटर ओढत होते. मला पाहून थांबले.

“साहेब, निळ्यात दोन छटा आहेत. दिव्यात कळायच्या नाहीत, गुरुवारी उजेडी या.”

गैरसमज झाला होता हे सांगायला मी तोंड उघडलं. पण ते स्वतःशीच बोलत होते. “नवीनच फॅशन निघालीय बघा. रोज रात्री एक-दोघं तरी येतात. चांगली शिकलेली माणसं. सगळ्यांना निळंच अस्तर हवं. आता मी तागाच आणून ठेवलाय.” मग जरा पुढे झुकून, “फक्त एक कळत नाही. सगळे मागताना कुजबुजतात का?”

मी इकडेतिकडे पाहिलं.

“ट्रायल किती वाजता?” मी हळूच विचारलं.