‘स्वखुशीने’ हा शब्द मीच टाइप केला होता

गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या सुनेचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३८, नोकरी १४ वर्षं. दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराचं, निदान झालं. डोकं शाबूत, शिकवणं शाबूत, पाय मात्र भरवशाचे राहिले नाहीत. शाळा फाट्यापासून दीड किलोमीटर आत आणि वर्ग वरच्या मजल्यावर.

“मामा, तुम्ही आस्थापनेला होतात ना? रुग्णता निवृत्तीच्या अर्जाचा नमुना असेल तुमच्याकडे. साहेब म्हणाले, आत्ताच अर्ज टाका, नाहीतर गैरहजेरीत अडकाल.”

रुग्णता निवृत्ती म्हणजे आजारपणामुळे मुदतीआधी घेतलेली निवृत्ती. नमुना आहे माझ्याकडे. तोंडपाठ आहे. ‘मी खाली सही करणार, माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव, स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय विनंती करतो की...’ पुढचं प्रत्येक आस्थापना लिपिकाला झोपेतही म्हणता येईल. २०१९ मध्ये मी सेवानिवृत्त झालो, तोवर असे किती अर्ज माझ्या टेबलावरून गेले ते मोजलेलं नाही. पण त्यातला एक विसरता येत नाही.

२०११ सालची गोष्ट. कार्यालयाच्या जीपवर एक चालक होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. वय ४९. साखरेने डोळ्यांचे पडदे गेले. एका पावसाळी संध्याकाळी समोरचं दिसेना, तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी बाजूला घेतली आणि दुसऱ्या दिवशी किल्ली आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली. अपघात नाही, कुणाला ओरखडा नाही. असा माणूस. वैद्यकीय मंडळाकडे पाठवलं. मंडळाने लिहिलं, ‘वाहन चालवण्यास अपात्र’. आमच्या टिप्पणीत ते झालं ‘शासकीय सेवेस अपात्र’. ही टिप्पणी मी लिहिली. लबाडी करायची म्हणून नव्हे. आधीच्या फाइलमध्ये तसं होतं, मी तसंच उतरवलं. सरकारी कार्यालयात निम्मी पापं अशीच होतात, मागचं बघून पुढचं लिहिताना.

फाइलला नानांचा अर्ज लागणार होता. मी टाइप केला, वाचून दाखवला आणि सही कुठे करायची ते कळावं म्हणून त्यांचा हात धरून पेन कागदावर टेकवलं. स्वखुशीने.

आवक-जावकच्या टेबलावर, टपाल वाटपात, दूरध्वनीवर, अभिलेख कक्षात, कुठेही त्यांना बसवता आलं असतं. त्यांना जिल्ह्यातलं प्रत्येक गाव, प्रत्येक ग्रामसेवक नावानिशी माहीत होता. कुणी विचारलंच नाही. त्यांची ९ वर्षांची नोकरी उरली होती. पूर्ण पगार आणि वेतनवाढीच्या जागी निम्म्या पगाराची पेन्शन आली, तीही मुलगी लग्नाची आणि मुलगा बारावीला असताना.

आता कायदा काय होता ते सांगतो. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी १९९६ पासून लागू होता. त्यातलं कलम ४७ सरळ होतं : नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वरचं जादा, पद निर्माण करून त्यावर ठेवायचं, निवृत्तीच्या वयापर्यंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हेच कलम २० (४) झालं. भाषा आणखी स्पष्ट झाली आणि दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावाने आहे.

मला तेव्हा हे कलम माहीत होतं का? ऐकून होतो. फाइलवर कुणी मागत नव्हतं, म्हणून काढून वाचलं नव्हतं.

निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, तेव्हा निकाल वाचायला बसलो आणि पंजाब वीज मंडळाच्या भगवान दास खटल्यापाशी अडकलो. सहायक लाइनमन, पूर्ण दृष्टी गेली. त्याने कार्यालयाला पत्र लिहिलं की मला निवृत्त करा, सगळे लाभ द्या आणि माझ्या जागी बायकोला नोकरी द्या. मंडळाने पत्रातलं ‘निवृत्त करा’ तेवढं उचललं आणि घरी बसवलं. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला सुनावलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की या माणसाला आपला हक्कच माहीत नव्हता. आंधळा झालो म्हणजे नोकरी गेली अशी त्याची समजूत होती. वरिष्ठांचं काम होतं त्याला कायदा समजावून सांगण्याचं. त्यांनी त्याच्या पत्रातलं एक वाक्य संदर्भ सोडून उचललं आणि त्याला बाहेर काढलं.

म्हणजे नानांच्या सहीच्या तीन वर्षं आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने माझ्या टेबलाचं वर्णन करून ठेवलं होतं.

त्याच्याही आधी, फेब्रुवारी २००३ मध्ये, कुणाल सिंग खटला. एसएसबी या केंद्राच्या सुरक्षा दलाचा शिपाई, कर्तव्यावर पायाला इजा झाली, गँगरीनने पाय काढावा लागला, मग सेवेतूनच काढलं. सरकारचा युक्तिवाद होता की त्याला रुग्णता पेन्शन मिळते आहे, आणखी काय हवं? न्यायालय म्हणालं, पेन्शनचा नियम आहे म्हणून कायद्याचं संरक्षण संपत नाही. (पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने सशस्त्र पोलिस दलांची लढाऊ पदं या कलमातून वगळली. ते दुखणं वेगळं, आणि मोठं.) २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका बसचालकाच्या प्रकरणातही तेच : रंगांधळा निघाला म्हणून वैद्यकीय कारणाने घरी पाठवलं, आणि दुसरं काम शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न महामंडळाने केलाच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत घ्यायला लावलं.

इतके निकाल झाले, तरी नमुना तोच. का? कारण काढून टाकलं तर माणूस भांडतो, कोर्टात जातो. अर्ज त्यानेच दिला की भांडणच उरत नाही. भेदभावाची तक्रार मुळातच मारून टाकायची याहून स्वच्छ रीत नाही. कुणी शिवी देत नाही, कुणी हाकलत नाही. उलट सगळे आपुलकीने बोलतात. “कशाला धावपळ करताय ताई, आराम करा आता.” या वाक्याची मला आता भीती वाटते.

ज्यांना खरंच जमत नाही, ज्यांना खरंच थांबायचं आहे, त्यांना थांबू द्यायलाच हवं. तो त्यांचा हक्क आहे. पण गंमत बघा, अशा माणसाची केस सहा-सहा महिने त्रुटीत फिरते. सेवापुस्तकात पडताळणी नाही, रजेचा हिशेब जुळत नाही, मंडळाचा दाखला जुना झाला. तोवर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. ज्याला जायचं आहे त्याला अडवायचं आणि ज्याला राहायचं आहे त्याच्या हातात पेन द्यायचं, असा आमचा न्याय. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना मार्च २०२३ च्या संपापर्यंत राज्यात रुग्णता पेन्शनचीही सोय नव्हती. एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेच्या खात्यात, जमलेलं काय ते घ्या आणि जा.

बोगस प्रमाणपत्रांचं काय, असं कुणीतरी खाली लिहीलच. लिहा. बोगस असतील तर मंडळाकडून फेरतपासणी करा, गुन्हे दाखल करा. पण चौदा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई एक दिवस भिंत धरून चालायला लागली, त्यात बोगस काय शोधणार? आणखी एक खोड सांगतो. कार्यालयं लगेच ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मागतात. आरक्षणासाठी तो लागतो. पण कलम २० (४) मध्ये फक्त ‘दिव्यांगत्व आलेला कर्मचारी’ एवढंच म्हटलंय, टक्के कुठेच नाहीत. आणि सोय करून द्यायला नकार देणं, म्हणजे वर्ग तळमजल्यावर न आणणं, बदली जवळ न करणं, हाच कायद्याच्या व्याख्येत भेदभाव आहे. वर्ग खाली आणायला पैसे लागत नाहीत. दोन शिक्षकांनी पाट्या बदलायच्या, एवढंच.

तक्रार कुठे करायची? प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची. माझ्या नोकरीत मी ही नोंदवही एकदाही पाहिली नाही. कायदा आल्यानंतरही नाही. त्यापुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. त्यांना चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी देतात ती शिफारस. कार्यालयाने तीन महिन्यांत एकतर अंमल करायचा नाहीतर का करत नाही ते कळवायचं. शिफारस म्हणून तुच्छ लेखू नका, कागदावर कारण द्यावं लागणं हीच साहेबांना सगळ्यात नकोशी गोष्ट असते. मॅटचा, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचा, सल्ला कुणी दिला तर सांभाळून. राज्य शासनाचे कर्मचारी तिथे जातात, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना हायकोर्टच. आणि कायदा मोडल्याचा दंड? पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत. आमच्याकडे साहेबांच्या निरोप समारंभाला त्याहून जास्त वर्गणी निघायची.

मला विचाराल तर मागणी एकच आहे. रुग्णता निवृत्तीच्या प्रत्येक फाइलवर, अर्जाच्याही आधी, एक पान लागलंच पाहिजे : कर्मचाऱ्याला कलम २० (४) त्याच्या भाषेत समजावून सांगितलं, कोणकोणती पदं त्याच्यासाठी तपासली, ती का जमली नाहीत, आणि समजावणाऱ्याची सही. ते पान नसेल तर लेखा शाखेने केस परत पाठवावी. क्षुल्लक त्रुटी काढायला आपण तरबेज आहोत, ही एक खरी त्रुटी काढा.

नाना गेल्या वर्षी गेले. त्याआधी दोनदा भेटलो. दोन्ही वेळा सांगायचं म्हणून गेलो आणि चहा पिऊन परत आलो. त्यांनीच माझ्या मुलांची चौकशी केली.

सुनेला नमुना दिला नाही. तिच्या घरी जाऊन बसलो, दोघांनी मिळून दुसरा अर्ज लिहिला. त्यात निवृत्ती हा शब्दच नाही. तळमजल्यावरचा वर्ग, रस्त्यालगतची शाळा, नाहीच जमलं तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव कळवावं ही विनंती. आवक शाखेतला मुलगा पोच द्यायला तयार नव्हता. “असा अर्ज येत नाही आमच्याकडे,” म्हणाला. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. पाऊण तासाने शिक्का मारला.

आज नववा दिवस आहे.