चित्र कोणाचं? आधी पुरावे पुसा, मग विचारा

माळ्यावर बिनसहीचं चित्र सापडलं? अभिनंदन. लक्ष्मी-सरस्वती असेल तर राजा रविवर्मा, घोडा असेल तर हुसेन. पंढरपूरचेच की ते, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातले. झालं काम.

भिंग चुकूनही आणू नका. दहापट भिंगातून देवीच्या गालावर बारीक ठिपके दिसतील, म्हणजे चित्र छापील. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला निघाला. तसल्या कागदावर कॅनव्हासची विण उठवून व्हार्निश मारायचे, बोटाला तैलचित्रच वाटतं. वाटू द्या.

सही नसेल तर करून घ्या. रंग जुन्या भेगांत उतरतो आणि सही नंतरची आहे हे उघडं पडतं, पण भेगा कोण बघतंय?

धूळ कापलेल्या बटाट्यानं पुसा.

चित्र जुन्या चादरीत गुंडाळून स्कूटरवर आणा. पत्र्याखालच्या माळ्यावर इतके मे महिने तापून सुटलेला रंग विणीत अडकतो, मग चित्र कोणाचं ते तपासणारे आम्ही, चित्रकाराला चादरीवर शोधतो.

आता मुख्य काम, मागची बाजू. तिकडे कॅनव्हासवाल्याचा शिक्का असतो, फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, प्रदर्शनाचा नंबर असतो, कोपऱ्यात कॅनव्हास ताणायच्या लाकडी पाचरी असतात, कडेला गंजके खिळे असतात. कचराच सगळा. खरवडून काढा, फेविकॉल लावून प्लायवूडवर चिकटवा, कडा कापून नव्या सोनेरी फ्रेममध्ये बसवा. परवा असंच एक आलं. मागून नवंकोरं प्लाय, पुढून आकाशाला ताजा पांढरा हात. रविवर्मा १९०६ साली गेले, टायटॅनियम पांढरा हा रंग बाजारात आला तो १९२०च्या आसपास. त्या आकाशातून नमुना घेतला तर चित्रकार नाही, डागडुजीवाला सापडतो! खालचा मूळ रंग शोधायला एक्स-रे काढायचा, त्याचा खर्च ऐकला की तोंड वाकडं. वर विचारतात, "नुसतं बघून सांगता येत नाही का बे?"

नाही येत. चेहऱ्याची नक्कल कोणीही करतं. कान, नखं, पदराची चुणी चित्रकार सवयीनं उरकतो, ओळख तिथं लागते, आणि नेमकं तिथंच तुमचा ब्रश फिरलेला असतो. हात लावायच्या आधी पुढून, मागून, चारी कडांचे फोटो काढा, एक तिरक्या उजेडात. सुटलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. चित्र घरात कधी आणि कुणाकडून आलं ते आजीला आजच विचारून लिहून काढा. आणि ते प्लायवूड खाली ठेवा आधी.