आफ्रिकी ढोलांना शिस्त कोणी लावली?

"पश्चिम आफ्रिकेतलं ढोलवादन म्हणजे उपजत जोश. अमेरिकी जॅझवाल्यांनी त्याला शिस्त लावून आधुनिक केलं, आणि त्या नादात मूळ परंपरा बाटली." अशा अर्थाचा मेसेज संगीतप्रेमींच्या ग्रुपांवर फिरतोय. दावे तीन, आणि तिन्ही कच्चे.

उपजत जोश? घानातल्या एवे लोकांचं वादन ऐका. तिथे सगळ्या ढोलांना धरून ठेवते ती गांकोगुई, लोखंडाची जोडघंटा. १२ मात्रांत ७ ठोके: पहिली, तिसरी, पाचवी, सहावी, आठवी, दहावी, बारावी. (एकतालाच्याही मात्रा १२, पण तेवढ्यावरून लगेच सोयरीक जुळवू नका.) घंटा अखंड तेच वाजवते. त्याच १२ मात्रा कुणी तीन-तीनच्या चार गटांत मोजतो, कुणी दोन-दोनच्या सहा, आणि मुख्य ढोलवाला या दोन्हींशी खेळत बोल काढतो. पायाने चार ठेके धरून हाताने ही घंटा पाच मिनिटं न चुकता वाजवून बघा, मग शिस्तीचं बोलू.

"अमेरिकेने आधुनिक केलं" हे तर टोनी ॲलनपुढे टिकतच नाही. १९४० साली नायजेरियातल्या लागोसमध्ये जन्मलेला हा ड्रमर आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच या अमेरिकी जॅझ ड्रमरांच्या रेकॉर्डी ऐकून घडला. दोन हात, दोन पाय, चौघांची चाल वेगळी ठेवायची हे त्याने जॅझमधून उचललं. त्यात हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं लोकप्रिय संगीत) आणि नायजेरियातल्या योरुबा लोकांचे ताल ओतले. नायजेरियाचा गायक-संगीतकार फेला कुटी याच्याबरोबर त्यातून उभा राहिला अफ्रोबीट हा नवा संगीतप्रकार, तोही लागोसमध्ये. अमेरिकेकडून घेतलं हे खरं, पण मिसळणारा हात नायजेरियाचा. घानातल्या अक्राचा ड्रमर गाय वॉरन, ज्याने पुढे घनाबा हे नाव घेतलं, त्याआधीच १९५०च्या दशकात शिकागोत जाऊन जॅझवाल्यांबरोबर वाजवत होता. तिथल्या त्याच्या रेकॉर्डचं नावच 'आफ्रिका स्पीक्स, अमेरिका आन्सर्स'. कोण बोलतंय आणि कोण उत्तर देतंय, बघा!

राहिलं बाटणं. हायलाइफ मुळातच वसाहतीतले लष्करी ब्रास बँड, खलाशांची गिटार आणि स्थानिक ताल यांतून झालेलं. ते जॅझची वाट बघत बसलं नव्हतं. हां, आजच्या बऱ्याच फ्यूजन मैफलींत झेंबे (पश्चिम आफ्रिकेतला हाताने वाजवायचा ढोल) नुसता शोभेपुरता कोपऱ्यात बसवतात, आणि कीबोर्डवाला आधीच ठरवलेल्या चार मात्रांवर त्याला हाकत नेतो. त्यांना खुशाल नावं ठेवा, मीही ठेवतो.