भाडं तुम्हाला, भोग आम्हाला

अंडं रात्री फुटलं आणि सकाळचं ऊन त्यावर पडलं, की ते स्कूटरच्या सीटवर वार्निशासारखं बसतं. ओल्या फडक्याने निघत नाही, भांड्याच्या साबणाने निघत नाही. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची कड लावून खरवडलं की पापुद्रे सुटतात, वास मात्र राहतो. गेल्या बुधवारी सकाळी साडेआठला, बँकेत निघायच्या घाईत, पदर खोचून मी हे संशोधन केलं. आदल्या रात्री आमच्या पार्किंगमध्ये कुणाचा तरी बर्थडे होता. बर्थडे बॉयच्या डोक्यावर फोडायच्या अंड्यांपैकी दोनतीन नेम चुकून माझ्या स्कूटरवर फुटली, एवढंच.

खरवडता खरवडता मनात आलं, पुण्यात फ्लॅट भाड्याने कसा द्यावा हे नीट समजावून सांगणारं कुणीच नाही. ज्याला त्याला आपापलं शिकावं लागतं. म्हणून हा प्रपंच. ज्यांचा एक फ्लॅट राहायला आणि एक ‘गुंतवणूक म्हणून’ आहे, त्या सर्व मालकांनी हे कात्रण जपून ठेवावं.

सगळ्यात आधी स्वतः तिथून निघा. बाणेर चालेल, बंगळूर बरं, न्यू जर्सी उत्तम. अंतर जितकं वाढतं तितका तरुण पिढीवरचा विश्वास वाढतो.

मग भाडेकरू पारखून घ्या. पारखून म्हणजे आडनाव विचारून. आमच्या डोक्यावरच्या ३०२ साठी दीड वर्षापूर्वी माणसं बघायला यायची तेव्हा किल्ली आमच्याकडे असायची, त्यामुळे ही पारख मी अगदी जवळून पाहिली आहे. एक नर्स आली होती, आईला घेऊन राहणार होती. एकटी बाई नको. एक शाळामास्तर आले, बायको, दोन मुली, एजंटने फोनवर मालकांना आडनाव सांगितलं, दोन वेळा ‘हो सर, हो सर’ केलं आणि फोन ठेवून मास्तरांना म्हणाला, “अहो, हा तर कालच गेला, मला कळवलंच नाही बघा.” मी हातात किल्ली घेऊन तिथेच उभी. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, आणि “बरं, येतो” म्हणून जिना उतरले. मी काही बोलले नाही, हेही लिहून टाकते. त्यानंतर एका जोडप्याचं सगळं जमत आलं होतं, ते घरात मासे शिजतात म्हटल्यावर फिसकटलं.

तीन महिने फ्लॅट रिकामा राहिला. कर्जाचा हप्ता दिसायला लागला. तेव्हा एजंटनेच कॉट बेसिस सुचवलं. सहा कॉट, कॉटमागे ७,०००. ४२,००० चा आकडा ऐकल्यावर आडनाव कुणी विचारलं नाही, आणि मासे तर नाहीच नाही. आता रविवारी रात्री वरच्या बाल्कनीतून तंदुरीची हाडं आमच्या तुळशीत पडतात. तुळस बिचारी सोशिक.

डिपॉझिट आधी घ्या, आधार कार्डं सावकाश येतील.

करार ११ महिन्यांचाच करा. अकराच का, ते विचारू नका. तुमच्या वडिलांनी असाच केला होता. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याचं ५५ वं कलम म्हणतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, मग तो किती का महिन्यांचा असेना. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढे आहे: नोंदवलेला करारच नसेल तर अटींच्या बाबतीत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे उद्या ३०२ मधल्या कुणी सांगितलं की मालकांनी पार्किंगमध्ये अंडी फोडायला परवानगी दिली होती, तर बसा शोधत पुरावा. हल्ली अंगठे घ्यायला माणूस लॅपटॉप घेऊन घरी येतो, रजिस्ट्रारच्या कचेरीत जावंही लागत नाही. पण त्याला पैसे द्यावे लागतात ना. तर कागदावर दोघांची नावं घाला, राहायला सहा ठेवा, आणि शनिवार-रविवारी अकरा झाले तर ते पाहुणे समजा. अतिथी देवो भव.

पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायचा फॉर्म एजंट भरतो. एजंटला विचारलं तर तो मालक भरतात.

सोसायटीला तर मुळीच घाबरू नका. परवानगी घ्यावी लागत नाही, नुसतं कळवायचं असतं. आमच्याकडे तेही वॉचमनकाकांनी कळवलं, टेम्पोतून चौथी कॉट उतरत असताना. आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ती रक्कम, म्हणाल तर २००१ साली सरकारनेच ठरवून दिलंय, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर एक पैसा लावता येत नाही. आमचं सेवाशुल्क महिना १,८००. म्हणजे १८० रुपये. वर ४२,००० येतात, खाली १८० पाझरतात. त्या १८० मध्ये लिफ्टच्या आरशावरचा केक पुसणं, जिन्यातल्या बाटल्या उचलणं आणि पंप जास्त वेळ चालणं हे सगळं धरलेलं आहे.

पार्किंगबद्दल काही लिहीत नाही. सहा दुचाक्या आणि एक फाटक्या सायलेन्सरची बुलेट. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आता महत्त्वाची सूचना. रात्री फोन उचलू नका.

मंगळवारी साडेअकराला सुरुवात झाली. चाकं असलेला, निळे-लाल दिवे लुकलुकणारा तो स्पीकर लिफ्टमधून खाली आला. बाराला केक, फेस उडवणारे डबे, मग अंडी. पाऊणला वरात परत वर, आमच्या छपरावर. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्या उठून पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “गणपती बसले का गं?” हे वर गेले. टॉवेल गुंडाळलेल्या एकाने दार उघडलं, “सॉरी काका, फक्त पाच मिनिटं.” पाच मिनिटांची पंचवीस झाल्यावर मी गेले. यावेळी दुसराच, हातात कागदी ग्लास. म्हणाला, “आंटी, चिल. बर्थडे आहे.”

चिल! एकतीस वर्षं नोकरी केली, रांगेत ओरडणारी, काउंटरवर पासबुकं फेकणारी माणसं बघितली, पण मला अजून कुणी चिल म्हटलं नव्हतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६, निवासी भागात ४५ डेसिबल. सासूबाई घोरतात ते साधारण तेवढं असावं. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “ओके आंटी,” आणि दार लावलं, आणि आतून सगळे हसले. मग पोलिसांना ११२ लावला. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, आले, वीस मिनिटांत आले, खोटं कशाला बोला. खालून नुसती शिट्टी मारली तर स्पीकर बंद. हवालदारसाहेब मला म्हणाले, “मॅडम, लेखी तक्रार द्यायची तर उद्या चौकीवर या.” उद्या बँक. “मालक कुठे असतात?” म्हटलं, अमेरिकेत. त्यांनी एक उसासा टाकला, डायरी मिटली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत शांतता, मग पुन्हा सुरू. आता गाणं हळू, नाच तेवढाच.

रात्रीचे दोन. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे साडेचार झालेले असतात. म्हणजे आमच्या अख्ख्या सोसायटीत हक्काने जागा असलेला सभासद एकच, आणि तो म्हणजे ३०२ चा मालक. तीनदा फोन लावला. वाजून वाजून बंद. व्हॉट्सॲपवर स्पीकरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, वर ‘टायपिंग’ दिसलं, मग तेही गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: “वहिनी, मीटिंगमध्ये होतो. समजावतो मुलांना. मुलंच आहेत हो.” खाली जोडलेले हात.

आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, सगळ्यांना उद्देशून: “नमस्कार मंडळी! रिडेव्हलपमेंटचं कुठपर्यंत आलं? एक्स्ट्रा कार्पेट किती टक्के मिळतंय?”

हे वाचलं तेव्हा माझ्या बोटांना अंड्याचा वास येत होता.

ऐका भाऊजी. कात्रण वगैरे राहू द्या आता, सरळ तुमच्याशीच बोलते. तुम्ही इथे नऊ वर्षं राहिलात. तुमचा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा रात्री अकराला माझ्या याच नवऱ्याने, ज्याला परवा तुमच्या पोरांनी ‘पाच मिनिटं’ म्हणून दार लावलं, स्कूटर काढून त्याला दवाखान्यात नेलं होतं. तेव्हा वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी तुमच्या मातोश्री चिठ्ठी पाठवायच्या. तुम्हाला शांतता म्हणजे काय हे माहीत नाही असं नाही. तुम्हाला ती तुमच्यापुरती हवी होती.

आणि मुलंच आहेत हे मला सांगू नका. मुलं आहेत ते दिसतंच आहे. वीस-बावीस वर्षांच्या सहा जणांना दोन खोल्यांत कोंबलं, वर कुणी मोठं माणूस नाही, विचारणारं कुणी नाही, तर ती काय हरिपाठ म्हणणार? त्यांना कोंबलं कुणी? त्यातला एक परभणीचा आहे, एमपीएससीचा अभ्यास करतो. महिना ७,००० भरतो आणि रात्री दहा ते दोन आमच्या जिन्यात बसून वाचतो, कारण आत त्याची कॉट हॉलमध्ये आहे. बुधवारी सकाळी हाच मुलगा न सांगता बादली आणि घासणी घेऊन खाली आला. म्हणाला, “काकू, सरका, मी करतो.” मी म्हटलं, तू मालकांना सांगत का नाहीस? म्हणाला, “दोनदा सांगितलं. ते म्हणाले, ॲडजस्ट कर.”

लाज वाटते का हो थोडी?

त्या मुलांनी मुदत संपल्यावर फ्लॅट सोडला नाही, तर तुमच्यासाठी सगळी सोय आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं २४ वं कलम आहे, सक्षम प्राधिकारी आहे, घर खाली होईपर्यंत दुप्पट भाडं मागता येतं. तेव्हा तुम्हाला विमान मिळेल, रजा मिळेल, मीटिंग नसेल. आमच्यासाठी काय आहे? एक शिट्टी. माणसं ठेवलीत तुम्ही, त्यांच्याकडून पैसे घेताय तुम्ही, त्यांना दोन शब्द सांगायचा अधिकारही तुमचाच. आणि रात्री दोनला दार वाजवायला मात्र मी, गाऊनवर ओढणी घेऊन. करारात एक ओळ घालायची होती, रात्री दहानंतर गोंगाट केल्यास महिन्याची नोटीस. एक ओळ. चार शिष्टांची नावं घ्यायची होती स्थानिक संपर्क म्हणून. तुमचा सख्खा मेहुणा सिंहगड रोडला राहतो, दर महिन्याला येऊन रोख भाडं मोजून नेतो, तो एकदा आवाज ऐकायला आला तर झिजेल?

आणि चेअरमनसाहेब, तुम्ही या वाक्यावर मान डोलावू नका. वार्षिक सभेत मी हा विषय काढला तेव्हा “बघू, कायद्याने काही करता येत नाही” म्हणून तुम्ही पुढचा विषय घेतलात. तुमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये आठ कॉट आहेत. सेक्रेटरींचा हिंजवडीला आहे. सभेत बसलेल्या निम्म्यांचा कुठे ना कुठे आहे, आणि त्याच्या खालच्या मजल्यावर कुणीतरी माझ्यासारखी छपराकडे बघत पडलेली आहे. म्हणून सगळे गप्प. एकतीस वर्षं हिशेब तपासलेत मी, एवढा मला नक्की कळतो.

राहिली गळती. फेब्रुवारीपासून तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या न्हाणीत टपकतंय. मुलांनी तुम्हाला कळवलं, मी कळवलं, प्लंबरला दाखवलं, तो १४,००० म्हणाला, तोही आकडा पाठवला. निळ्या खुणा आल्या. तोवर खाली बादली लावली आहे. वर स्पीकर थांबला की तिचाच आवाज येत राहतो. पहाटे पाचच्या सुमारास ती काठोकाठ भरते, आणि सासूबाई उठून तिकडे जायच्या आत कुणीतरी जाऊन ओतावी लागते.