पोराच्या हातात पक्कड देऊ नका

शाळेतून आल्या आल्या पोरगं म्हणालं, "व्यवसाय विषय निवडायचाय, मी इलेक्ट्रिकल घेतो," तर लगेच आरडाओरडा करू नका. पंखा लावा, पाणी प्या, शांत बसा. (पंखा लागतच नसेल, तर थेट लेखाच्या शेवटाकडे जा.)

मग त्याला जवळ बसवून समजवा. विजेचं काम वाईट नसतं बाळा, ते फक्त दुसऱ्यांच्या मुलांनी करायचं असतं. हुशार मुलं विजेवरची गणितं सोडवतात, वायर सोलत नाहीत. मुलगी असेल तर तुमचं काम आणखी सोपं आहे. "मुलींनी का शिडीवर चढायचं?" एवढं म्हणा. तिच्याकडे उत्तर असेलच, पण तुम्ही तोवर खोलीतून बाहेर पडा.

पोरगं वाचणारं असेल तर पंचाईत होते. ते विजेचा नियम शोधणाऱ्या ओमचा दाखला देईल. देऊ द्या, ओम आपल्याच बाजूचा आहे. गेऑर्ग ओम कोलोनच्या एका शाळेत मास्तर होता आणि शाळेच्याच सामानावर तारा जोडत बसायचा. १८२७ मध्ये त्यानं आपला नियम पुस्तकात मांडला, विद्वानांनी नाकं मुरडली आणि त्यानं वैतागून नोकरी सोडली. बघ, शाळेत तारांशी खेळलं की असं होतं! १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला विज्ञानातलं मानाचं कोप्ली पदक दिलं, हे सांगत बसू नका. फॅरेडेचं नाव निघालं तर मात्र सरळ विषय बदला. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, १८०५ मध्ये चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारीला लागलेला. आणि १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर तारांची वेटोळी गुंडाळून त्यानं जगातल्या सगळ्या जनित्रांचा पाया घातला. असली माणसं मुलांना बिघडवतात.

एवढं करूनही पोरानं विषय घेतलाच, तर एक आशा उरते, ती म्हणजे जर्नल. बऱ्याच शाळांत हा विषय वायरनं नाही, पेन्सिलीनं शिकवतात. मी तसाच शिकलो. चाळीस पोरांत एक लाकडी बोर्ड होता, तोही कपाटात, आणि किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे. खालून आणि वरून, दोन्ही स्विचांनी लागणाऱ्या जिन्याच्या दिव्याची आकृती मी इतकी सुरेख काढली होती की तिला पूर्ण गुण मिळाले. पुढे खराखुरा टू-वे स्विच हातात आला आणि त्याच्या पाठीला तीन स्क्रू दिसले, तेव्हा कळलं की आकृतीत स्क्रू नव्हतेच. दोन स्विचांच्या मधल्या दोन तारांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही, पण कॉमनची, म्हणजे लाइनकडून येणारी किंवा दिव्याकडे जाणारी, वायर भलत्या स्क्रूखाली गेली की दिवा खालून लागतो आणि वरून लहर लागली तरच. तासभर मी दिव्याला दोष दिला. नाचता येईना, जिना वाकडा. तेव्हा पोराला सुंदर आकृत्या काढायला सांगा, रंगीत पेन आणून द्या. विषय होईल, विद्या होणार नाही.

खरा धोका असतो तो हातानं काम करून घेणारा मास्तर भेटण्याचा. हे लोक फार घातक. वायर सोलताना आतली एक जरी तार कापली गेली, तरी तुकडा फेकून नवीन घ्यायला लावतात. जोड कसून झाला की वायर ओढून बघतात, सुटली की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक विचित्र सवय लावतात. लाइन बंद केली म्हणून हात लावायचा नाही. आधी टेस्टर चालू लाइनवर लावून तो चालतो का ते बघायचं, मग ज्यावर काम करायचं तिथे लावायचा, मग पुन्हा चालू लाइनवर. कशाला? तर म्हणे, मधल्या मधे टेस्टरच मेला असेल तर! दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःच्या टेस्टरवरही ठेवायचा नाही. असं पोर घरात आलं की काय होईल, विचार करा. "मी सांगतो म्हणून" हे वाक्य तुम्हाला कायमचं बंद.

मग ते घरभर फिरू लागतं. इस्त्री आणि हीटर एकाच एक्स्टेन्शनवर? हात लावून म्हणतं, प्लग गरम आहे. तुम्ही म्हणा, थंडीत बरं. ते म्हणतं, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आणि सैल स्क्रूखाली तर सगळी उष्णता त्या एका टिंबाएवढ्या जागी साठते, आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग माशासारखा वास येतो. तुम्ही तो वास दोन महिने स्वयंपाकघरात शोधताय, हे त्याला कळू देऊ नका.

अर्थिंगची पिन कापून तुम्ही तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवलेला असतो. किती कौशल्याचं काम! पण पोरगं टाळ्या वाजवत नाही, कापलेली पिन कुठे आहे ते विचारतं.

बटणांच्या बाबतीत तर ते फारच हट्टी होतं. बटण फेजमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेत हवं, न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत नको. तुमचा युक्तिवाद बिनतोड आहे: दिवा बंद होतो ना, मग झालं! मीही हेच म्हणायचो. एकदा बटण बंद करून दिवा बदलायला स्टुलावर चढलो आणि होल्डरनं माझा हात झटकून दिला. बटण न्यूट्रलमध्ये होतं, होल्डरपर्यंत फेज जिवंत. स्टुलावरून मी उतरलो नाही, पोहोचलो.

ते अर्थ लीकेजचा ब्रेकरही बसवायला सांगेल. माणसाला वाचवायला जो बसवतात तो साधारणपणे ३० मिलिअँपिअरच्या गळतीला आपोआप बंद पडतो, म्हणजे ९ वॅटचा दिवा ओढतो त्याहून कमी करंटला. तुम्ही सांगा की एवढ्याशा करंटनं काय होतंय, आपल्या घरात आजवर कुणी गेलं नाही. हा पुरावा अगदी भक्कम असतो, शेवटच्या दिवसापर्यंत.

आता ज्यांचा पंखा लागत नाही ते इथे आलेच असतील. घरात अंधार आहे, एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच, खाली पडलाय. तो वर करा. पुन्हा पडेल. पुन्हा वर करा, या वेळी जरा रागानं. तरी पडला तर चिकटपट्टीनं बांधा. दांडी वर राहील, पण आतून तो तुटायचा तेव्हा तुटेलच, त्याची रचनाच तशी असते. निर्लज्ज आहे. मग वायरमनला फोन लावा. तो उद्या येतो म्हणेल. त्याला "दादा" म्हणा, वाटल्यास "साहेब" म्हणा, तरी उद्याच.

एवढ्यात दारात पोरगं उभं असेल, टॉर्च घेऊन. "शेवटी काय लावलं होतं?" असं विचारेल. सगळे प्लग काढायला सांगेल, एमसीबी वर करेल, तो टिकेल. मग एकेक वस्तू परत लावत जाईल आणि पाण्याच्या हीटरपाशी आल्यावर पुन्हा खट्. या क्षणी कौतुकानं तोंड उघडू देऊ नका. "तुला कुणी सांगितलं होतं? जा, अभ्यास कर," म्हणा. अंधार होता तेव्हा अभ्यास कुठे होतो, असं त्यानं विचारलं, तर उलट उत्तरं देतो म्हणून दटावा. तो हीटर मात्र बाजूला काढून ठेवा, आणि दिवे लागलेच आहेत तर त्या वायरमनला फोन करून उद्या यायची गरज नाही म्हणून कळवा. कुणी दुरुस्त केलं ते सांगू नका.