कॅशलेससाठी किती कॅश लागते?

कॅशलेस उपचारांना निघताना घरातून किती कॅश घ्यावी, हे कुठलीही विमा कंपनी छापत नाही. अप्पांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आम्ही हॉस्पिटलात पोचलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कॅशलेस ना?" मी छाती काढून "हो" म्हटलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता, "मग डिपॉझिट कार्डाने भरताय की यूपीआयने?"

पॉलिसी विकणारे एजंट शुद्ध मराठीत बोलत होते. "सगळं कव्हर आहे हो!" या त्यांच्या एका वाक्यावर आम्ही आई-अप्पांची पाच लाखांची फ्लोटर घेतली. पाच लाख दोघांत मिळून, म्हणजे एकाने आजारी पडताना दुसऱ्याकडे बघून पडायचं. नंतर कुरियरने आलेली पुस्तिका मात्र इंग्रजीत होती आणि 'सगळं'चे अपवाद तिच्यात पानोपानी होते. पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच नाही. मोतिबिंदू, पित्ताशयातले खडे, हर्निया अशा ठरावीक दुखण्यांना दोन वर्षं थांबायचं. आधीपासून असलेल्या आजारांना पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबवता यायचं, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन. अप्पांचा हर्निया बरोबर दोन वर्षं उलटल्यावर बाहेर डोकावला. जन्मभर एसटीत नोकरी केलेल्या माणसाच्या हर्नियालाही गाडीची वाट बघायची सवय असावी.

हॉस्पिटलात विम्याचं सगळं 'टीपीए डेस्क'वर चालतं. विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये कागद फिरवायला नेमलेली ही तिसरी संस्था. "टीपीए म्हणजे टाइमपास ना?" असं माझ्या मुलीने विचारलं, तेव्हा रांगेतल्या तीन अनोळखी माणसांनी मान डोलावली.

पण खरी लढाई झाली ती खोलीवरून.

आत्या चिपळूणहून अर्ध्या तिकिटात खास भावाच्या ऑपरेशनला आली होती. ती अप्पांपेक्षा तीन वर्षांनी मोठी, एकाहत्तरची. अप्पा अजूनही तिच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाहीत. आल्या आल्या तिने जाहीर केलं, "स्वतंत्र खोली घ्यायची. खिडकीवाली. माणसं भेटायला येणार, त्यांना बसवणार कुठे?"

आमच्या पॉलिसीत खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का. पाच लाखांवर दिवसाला पाच हजार. दोन खाटांची खोली त्यात बसत होती, खिडकीवाल्या स्वतंत्र खोलीचे आठ हजार होते. आत्या म्हणाली, "वरचे तीन हजार आपण भरू. दोन रात्रींचे सहा हजार. तेवढ्याने भिकेला लागणार आहात का?"

टीपीए डेस्कवरच्या बाई हे वाक्य रोज ऐकत असाव्यात. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि शांतपणे कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "आजी, पाच भागिले आठ किती?"

"मला काय विचारता, मी पेशंट नाही."

"साडेबासष्ट टक्के. तुम्ही आठ हजारांची खोली घेतलीत की कंपनी सर्जनची फीसुद्धा साडेबासष्ट टक्केच देणार. भूल देणाऱ्या डॉक्टरांची तेवढीच, थिएटरचं भाडं तेवढंच. हे सगळं मिळून ऐंशी हजार झालं, तर पन्नास कंपनीचे, तीस तुमचे. खोलीचे सहा वेगळे."

म्हणजे खिडकी छत्तीस हजारांना. याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हणतात. माझ्या मते पॉलिसीच्या सगळ्या पुस्तिकेत घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवा असा हा एकच शब्दप्रयोग आहे, बाकीचे नंतर शिकले तरी चालतात. औषधं, तपासण्या आणि हर्नियाला आतून लावतात ती जाळी यांना ही कात्री लागत नाही. खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलातही ती लावता येत नाही. पण बरीच मोठी हॉस्पिटलं दर बदलतात. तेच सर्जन, तेच थिएटर, त्याच सुऱ्या. बेशुद्ध पेशंट नंतर कुठल्या मजल्यावर झोपणार आहे, यावर फी ठरते. थिएटरला खिडकी नसते, हे मी मुद्दाम बघून घेतलं.

आत्याला पटेना. "फरक खोलीचा, तर पैसे खोलीचेच घ्या ना!" शेवटी अप्पा व्हीलचेअरवरून बोलले. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला भाड्यातला फरक समजावण्याची हौस असतेच. "अक्का, लाल डब्याचं तिकीट काढून शिवनेरीत बसलीस, तर मी तुझ्याकडून एकट्या गादीचा फरक घेईन का? अख्ख्या प्रवासाचा घेईन." आत्याने भावाची कंडक्टरकी जन्मभर बघितलेली होती. ती गप्प बसली आणि आम्ही दोन खाटांच्या खोलीत गेलो.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून हा या सगळ्यातला खरा लाभ. दर वर्षी कोणीतरी ॲडमिट होणारं घर असावं त्यांचं, बाईंना सगळं पाठ. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या जादा विम्यांतला फरक मला त्यांनी शहाळं सोलता सोलता सांगितला. समजा, पहिले पाच लाख आपले, त्यावरचं कंपनीचं. साधा टॉप-अप हे पाच लाख प्रत्येक ॲडमिशनला नव्याने मोजतो, सुपरवाला वर्षभराची बेरीज करतो. माणूस वर्षात दोनदा तीन-तीन लाखांचा आजारी पडला, तर साधा टॉप-अप बघत बसतो.

ऑपरेशन उत्तम झालं. ते डॉक्टरांचं काम होतं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. औषधांच्या कागदावर 'टीडीएस' वाचून अप्पा तेवढे चिडले. "पेन्शनवर झालं, आता गोळीवर पण?" नर्सने सांगितलं, "काका, दिवसातून तीन वेळा घ्यायची."

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." आईने पंधरा मिनिटांत पिशव्या भरल्या. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. कंपनीने त्याहून उशीर केला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. मी हा नियम मोबाइलवर उघडूनच बसलो होतो. दुपारी टीपीए डेस्कवरच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण तीन तास आमची विनंती तिकडे पोचल्यापासून. फाइल अजून फार्मसीत आहे." फार्मसीतून ती बिलिंगला गेली, बिलिंगवरून पुन्हा वॉर्डात, एका सहीसाठी. कंपनीचं घड्याळ सुरू व्हायच्या आत आईने पिशव्यांतून दोनदा डबे काढून पुन्हा भरले.

संध्याकाळी बिल आलं. साठीनंतर घेतलेली पॉलिसी म्हणून बिलातला वीस टक्के वाटा, म्हणजे को-पे, आमचा, तो माहीत होता. त्याखाली न मिळणाऱ्या वस्तू. इर्डाच्या यादीत अशा ६८ गोष्टी आहेत. मास्क, थर्मामीटर, डायपर, किडनी ट्रे आणि हातमोजे. आईने हातमोज्यांवर बोट ठेवलं. "म्हणजे डॉक्टरांनी उघड्या हातांनी करायचं होतं का?" बाई म्हणाल्या, "काकू, मोजे घालावेच लागतात. फक्त कंपनी त्यांचे पैसे देत नाही." दुसऱ्या एका यादीत खोलीच्या भाड्यातच धरलेल्या वस्तू आहेत. तिच्यात चपला, टूथब्रश, कंगवा आणि चक्क कलोन वॉटर आहे. हे कळल्यावर आई कंगवा मागायला नर्सकडे गेली. अप्पांना टक्कल आहे.

या सगळ्याचा परिणाम आत्यावर झाला. तिला स्वतःची पॉलिसी हवी झाली. भावाच्या फ्लोटरमध्ये बहीण सहसा बसत नाही. दिवाळीनंतर एजंट घरी आले, चहा घेतला आणि खुशीत म्हणाले की पासष्टीनंतरही आता नवी पॉलिसी मिळते, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रीमियमवरचा अठरा टक्के जीएसटी गेला.

"रूम रेंटला कॅपिंग?" आत्याने विचारलं.

एजंटांनी कप खाली ठेवला. "नाही, आजी. या प्लॅनमध्ये नाही."

"मोतिबिंदूला दोन वर्षं ना? म्हणजे त्र्याहत्तरीपर्यंत मी चाचपडत फिरू. को-पे?"

"वीस टक्के."

"आणि नाही पटली तर?"

"तीस दिवसांत परत करू शकता. फ्री लुक असतो."

हे आत्याला बरं वाटलं. तिने पेन मागितलं, चष्मा लावला आणि फॉर्म डोळ्यांजवळ नेला. एजंट सुटकेचा श्वास घेऊन म्हणाले, "अगदी निश्चिंत राहा आजी, सगळं कव्हर आहे."

आत्याने पेन खाली ठेवलं. "हातमोजे?"